नक्कल मागितलीत का?

ठाण्याला कोर्ट नाक्यावर माझी तेहतीस वर्षं गेली. त्याआधी वडिलांची गेली. ते वकील नव्हते, बेलिफ होते. खाकी पिशवीत समन्स घेऊन कळवा-खारेगावपासून घोडबंदरपर्यंत सायकल मारायचे आणि घरी आले की चहाच्याही आधी विचारायचे, "आज तारीख किती?" आम्ही भावंडं एका सुरात सांगायचो. या महिन्याची पत्रं वाचताना त्यांची फार आठवण झाली. निकाल कसा लागला, न्यायाधीश काय बोलले, समोरचा कसा हसला याचं पानभर वर्णन, आणि निकाल कधी लागला याचा पत्ता नाही. एका काकांनी "गणपतीच्या आसपास" असं लिहिलंय. काका, गणपतीच्या आसपासपासून अपिलाचे तीस दिवस कसे मोजू?

माझं माहेर घणसोली गावठाणातलं. वडिलांच्या पश्चात आई, दोन भाऊ आणि आम्ही दोघी बहिणी. मी वाटपाचा दावा लावला. कोर्टाने घरात माझा एक-पंचमांश हिस्सा धरला, पण मागची सहा खोल्यांची चाळ मोठ्या भावाची स्वकमाई म्हणून वगळली. वकील म्हणाले, हा प्राथमिक हुकूमनामा आहे. म्हणून अंतिम झाल्यावरच अपील करायचं ठरवलं. मध्ये आईचं आजारपण, मग ती गेली. निकालाला नऊ महिने झाले. भाऊ म्हणतो, चाळीचा विषय संपला. खरंच संपला का, ताई?
– एक भगिनी, घणसोली

"प्राथमिक" या शब्दाने आजवर किती जणांना बुडवलंय! प्राथमिक शाळा म्हटलं की पुढे माध्यमिक आहेच, तसं वाटतं. वाटपाच्या दाव्यात खरी लढाई प्राथमिक हुकूमनाम्यातच होते. कोणाचा हिस्सा किती, कुठल्या मिळकतीत आहे, कुठल्या मिळकतीत नाही, हे सगळं तिथे ठरतं. अंतिम हुकूमनाम्यात मोजणी होते, कोर्ट कमिशनर येऊन बघतो, कोणती खोली कोणाला ते लिहिलं जातं. दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम ९७ सांगतं की प्राथमिक हुकूमनाम्यावर ज्याने अपील केलं नाही, त्याला अंतिम हुकूमनाम्याच्या अपिलात "तो मुळातच चुकीचा होता" असं म्हणता येत नाही. तेव्हा चाळीपुरतं बोलायचं तर तुमचा भाऊ हवेत बोलत नाही.

अपिलाची मुदत १९६३ च्या मुदत कायद्यात आहे: जिल्हा न्यायालयात जायचं असेल तर तीस दिवस, उच्च न्यायालयात जायचं असेल तर नव्वद. कुठे जायचं ते दाव्याच्या मूल्यांकनावर ठरतं. दिवस मोजायचे हुकूमनाम्याच्या तारखेपासून, म्हणजे निकाल दिला त्या दिवसापासून. वकिलाने फोन केला तो दिवस धरायचा नाही. तुमच्या दोन्ही मुदती गेल्या.

आता उरला विलंब माफीचा अर्ज, कलम ५ खालचा. तो अपिलासोबतच द्यायचा आणि त्यात "पुरेसं कारण" दाखवायचं. लोक मला विचारतात, किती दिवसांपर्यंत माफ होतं? असा आकडाच नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्ये एका माणसाचा ८८३ दिवसांचा उशीर माफ केला, कारण त्याच्या वकिलाने त्याला काही कळवलंच नव्हतं. त्याच न्यायालयाने २०१२ मध्ये टपाल खात्याचे ४२७ दिवस माफ केले नाहीत. खात्याचं म्हणणं काय, तर फाईल या टेबलावरून त्या टेबलावर फिरत होती. १९८७ च्या काश्मीरमधल्या भूसंपादनाच्या एका निकालात न्यायालयाने सांगून ठेवलंय की उशीर करून कोणाचा फायदा नसतो, तेव्हा एकेका दिवसाचा हिशोब मागताना शहाणपण वापरा. वकीलमंडळी हा निकाल प्रत्येक अर्जात जोडतात. तुमचेही जोडतील. पण तो तुमच्या कागदांच्या जागी चालत नाही.

म्हणून आईचे दवाखान्याचे कागद तारखेवार लावा. कधी दाखल केलं, कधी घरी आणलं, मृत्यूचा दाखला. आणि वकिलांच्या सल्ल्यामुळे थांबलात हे खरं असेल तर ते लिहा. प्रामाणिक चुकीचा सल्ला हे कारण होऊ शकतं, पण त्या वकिलांनी स्वतः प्रतिज्ञापत्र दिलं तरच त्याला वजन येतं. मागताना अवघडल्यासारखं होईल. तरी मागा. "मी अडाणी बाई, मला कायद्यातलं कळत नाही" हे वाक्य मात्र नको. दावा लावणारी बाई तुम्हीच होतात, हे समोरचा वकील दुसऱ्या मिनिटाला दाखवून देईल.

उशिराने आणखी एक गोष्ट हातून जाते, ती कोणी सांगत नाही. अपील मुदतीत असतं तर पहिल्याच दिवशी स्थगिती मागता आली असती. मुदतीबाहेरच्या अपिलात, ते ऐकायला घ्यायचं असं कोर्ट ठरवेपर्यंत हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीला स्थगिती देता येत नाही. म्हणजे तुमचा अर्ज लोंबकळत असताना तिकडे मोजणी चालू राहू शकते.

आता जरा बरी बातमी. आईचा पाचवा हिस्सा. तिने मृत्युपत्र केलं नसेल तर तो तुम्हा चौघांत वाटला जाईल, आणि तुमचा एक-पंचमांश आता एक-चतुर्थांश होईल. यासाठी अपील लागत नाही, मुदतीचं भूतही नाही. अंतिम हुकूमनामा व्हायचाय तोवर त्याच दाव्यात अर्ज द्या. वाटपाच्या दाव्यात गरज पडली तर एकापेक्षा जास्त प्राथमिक हुकूमनामे करता येतात, असं सर्वोच्च न्यायालयाने १९६७ मध्येच सांगितलंय. निकालानंतर घरातलं माणूस गेलं तर कोर्ट हिस्से नव्याने मांडतं. निकालातच चूक होती म्हणाल तर ते ऐकायची जागा अपील. तुमची चाळ या दुसऱ्या खणात पडते. अपील या आठवड्यात लावा.

आमचे वकील म्हणतात, निकालाची नक्कल हातात येईपर्यंत मुदत सुरूच होत नाही. म्हणून निवांत आहे. बरोबर ना?
– एक वाचक, कळवा

निवांत राहू नका. घड्याळ निकालाच्या दुसऱ्या दिवशी सुरू होतं. नक्कलेसाठी लागलेले दिवस त्यातून वजा मिळतात हे खरं, पण फक्त अर्ज दिल्यापासून नक्कल तयार होईपर्यंतचे. अर्जच नाही दिलात तर वजा काय करणार?

उदाहरण घेऊ. निकाल १० मार्च २०२५ चा. तो दिवस सोडला तर तीस दिवस ९ एप्रिलला संपतात. नक्कलेचा अर्ज २० मार्चला दिला, नक्कल ४ एप्रिलला तयार झाली. हे सोळा दिवस मिळाले, मुदत लांबली २५ एप्रिलपर्यंत. तुम्ही नक्कल उचलायला २१ एप्रिलला गेलात, तरी मुदत २५ एप्रिलच. आणि पहिला अर्जच १५ एप्रिलला दिला असता तर एकही दिवस मिळाला नसता, कारण मुदत तोवर संपलेली.

सही-शिक्क्याच्या नक्कलेवर, बहुतेक मागच्या बाजूला, तारखांचा शिक्का असतो. अर्ज आला, नक्कल तयार झाली, नक्कल दिली. पहिल्या दोन तारखा तुमच्या कामाच्या. तिसरी तारीख तुमच्या आळसाची.

हे मी शिकले ते माझ्याच पैशाने. वकिलीचं दुसरं वर्ष. नक्कल तयार होती, मी चुलतबहिणीच्या लग्नाला चिपळूणला. अकरा दिवसांनी उचलली आणि उचलल्याच्या तारखेपर्यंतचे दिवस धरून ऐटीत अपील दाखल करायला गेले. तिथल्या वयस्कर कारकुनांनी नक्कल उलटी केली, मधल्या तारखेवर बोट ठेवलं आणि काही न बोलता माझ्याकडे बघितलं. आठ दिवस उशीर. विलंब माफीचा अर्ज, माझं स्वतःचं प्रतिज्ञापत्र, समोरच्याला तीनशे रुपये खर्च. पक्षकाराला सांगायची हिंमत नव्हती, पैसे मी भरले. ती पावती अजून माझ्या टेबलाच्या काचेखाली आहे. ज्युनिअर आला की पहिल्या दिवशी तिच्यासमोरच बसतो.

मे महिन्याच्या सुट्टीबद्दलही तुम्ही विचारलंय. शेवटचा दिवस सुट्टीत पडला तर कोर्ट उघडेल त्या दिवशी दाखल केलेलं चालतं. त्याच दिवशी. सुट्टीचा अख्खा महिना काही मुदतीला जोडून मिळत नाही. आणि मोबाईलवर सोळा अक्षरी केस नंबर टाकून जो निकाल दिसतो तो वाचायला उत्तम, पण ती सही-शिक्क्याची नक्कल नव्हे. निकाल कानावर पडला की त्याच दिवशी, मामलेदार कचेरीजवळच्या मिसळीला जायच्या आधी, नक्कलेचा अर्ज द्या. जिंकला असलात तरी.

चरईतल्या जुन्या वाड्यात आमची पागडीची खोली. सात वर्षं मी मुलाकडे ऐरोलीला, खोलीला कुलूप. गेल्या आठवड्यात शेजाऱ्यांचा फोन आला, बेलिफ ताबा घ्यायला आलाय. चौकशी केली तर दोन वर्षांपूर्वीचा एकतर्फी हुकूमनामा. समन्स म्हणे दाराला चिकटवलं होतं. दोन वर्षांनी काय करता येणार?
– एक ज्येष्ठ वाचक, ऐरोली

काका, तुमचं काही बिघडलेलं नाही, फक्त आठवडा गेलाय. एकतर्फी हुकूमनामा रद्द करून मागायला तीस दिवस असतात. समन्स रीतसर बजावलं गेलं नसेल तर ते तीस दिवस तुम्हाला हुकूमनाम्याची माहिती झाली तिथपासून धरतात. शेजाऱ्यांचा फोन आला ती तारीख लिहून ठेवा, फोनमधली नोंद पुसू नका. कागद हातात आले त्या दिवसापासून मोजायचा मोह होईल. तो टाळा.

अपीलही करता येतं, पण तुमच्या बाजूने मी अर्जच करेन. अपिलात जे पुरावे कागदावर आहेत त्यावर बोलावं लागतं, आणि तुमचा तर एक शब्दही कागदावर नाही. शिवाय अपील केलं आणि ते मागे घेण्याखेरीज कोणत्याही कारणाने निकाली निघालं, तर हा अर्जाचा रस्ता बंद होतो.

बेलिफाचा अहवाल मिळवा. त्याचीही नक्कल मागा. वडील सांगायचे, दाराला चिकटवलं एवढं लिहून भागत नाही. कोणत्या परिस्थितीत चिकटवलं, घर कोणी दाखवलं, कोणासमोर चिकटवलं, त्यांची नावं-पत्ते लिहावे लागतात. त्यांच्या अहवालात शेजारणीच्या कडेवर मूल होतं इथपर्यंत नोंद असे. तुमच्या अहवालात काय आहे ते बघा. मात्र बजावणीत नुसती बारीकसारीक त्रुटी असेल आणि तुम्हाला तारीख ठाऊक होती, हजर राहायला वेळ होता, असं दिसलं, तर कोर्ट हुकूमनामा मोडत नाही. वाड्यातल्या कोणी तेव्हा तुम्हाला फोन केला होता का? मला सांगू नका, तुमच्या वकिलांना खरं सांगा.

एक कटू गोष्ट. हुकूमनामा रद्द झाला की तुम्ही जिंकत नाही, दावा पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यात, दाव्याच्या लगेच आधीचे सहा महिने जागा सबळ कारणाशिवाय वापरात नसेल तर घरमालकाला ताबा मागता येतो. तुमचं कुलूप सात वर्षांचं. मुदतीची लढाई तुम्ही बहुधा जिंकाल. कुलपाचं उत्तर आत्तापासून शोधा. आणि अर्जाबरोबरच दरखास्तीला, म्हणजे हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीला, स्थगिती मागा, नाहीतर निकाल येईपर्यंत खोली दुसऱ्याच्या ताब्यात.

शेजाऱ्याने वहिवाटीच्या रस्त्यात भिंत घातली होती. भिंत पाडावी आणि पुन्हा अडथळा करू नये असा हुकूम मिळाला. नुकसानभरपाई मात्र नाकारली. शेजाऱ्याचे तीस दिवस संपले. आता निर्धास्त ना?
– एक वाचक, कोपरी

बऱ्यापैकी. पण शेजाऱ्याने नक्कलेचे दिवस मिळवले असतील, किंवा विलंब माफीचा अर्ज घेऊन तो येईल. अपील कोर्टात कॅव्हेट, म्हणजे "मला ऐकल्याशिवाय हुकूम देऊ नका" असा अर्ज, लावून ठेवा, ते नव्वद दिवस चालतं, मग पुन्हा लावा. त्याने नुसतं अपील केलं म्हणून तुमचा हुकूम थांबत नाही, स्थगिती वेगळी मागावी लागते.

खरी भीती दुसरीकडे आहे. सगळे सांगतात की दरखास्तीला बारा वर्षं असतात. असतात, पण "भिंत पाडा" अशा हुकुमाला तीनच. "अडथळा करू नका" या कायमच्या मनाईला मुदतच नाही. तुमच्या एका कागदावर दोन घड्याळं आहेत. शेजाऱ्याशी गोड बोलून पुढच्या दिवाळीपर्यंत बघू म्हणत चार वर्षं काढलीत, तर हुकूम कपाटात राहील आणि भिंत जागेवर.

भरपाईचं म्हणाल तर तुमचेही तीस दिवस गेले. तोच विषय घेऊन नवा दावा लावता येत नाही. शेजारी अपिलात गेला तर मात्र नोटीस मिळाल्यापासून महिन्याभरात तुम्हाला प्रतिआक्षेप घेता येतो. तो गेला नाही तर सोडून द्या. हे मी वकील असून सांगतेय, कारण मुदत फक्त हरलेल्याच्या मानगुटीवर बसत नाही, जिंकलेल्याच्या उशालाही ती असते. नौपाड्यातल्या माझ्या एका पक्षकाराने केस चालू म्हणून एकोणीस वर्षं घराला रंग दिला नव्हता. समोरच्याची शेवटची मुदत संपली त्या दुपारी त्यांनी मला फोन केला, आणि निकालाबद्दल नव्हे, रंगाऱ्याचा नंबर विचारायला.

मुलीचा घटस्फोट ठाण्याच्या कुटुंब न्यायालयात नुकताच झाला. जावई शेवटपर्यंत विरोधात होता. चांगलं स्थळ आलंय, दीड महिन्यानंतरचा हॉल मिळतोय. घेऊ का?
– एक आई, वाशी

नका घेऊ. हिंदू विवाह कायद्यात अपिलाची मुदत २००३ पासून नव्वद दिवस आहे आणि ती अपिलाविना संपल्याशिवाय, किंवा अपील फेटाळल्याशिवाय, पुन्हा लग्न करता येत नाही. त्यात जावयाने नक्कलेसाठी घालवलेले दिवस मिळवा. नव्वदी उलटली की उच्च न्यायालयाच्या संकेतस्थळावर दोघांच्या नावाने अपील दाखल झालंय का ते बघा आणि मगच हॉलवाल्याला पैसे द्या. परस्परसंमतीचा घटस्फोट असता तर त्यावर अपीलच नसतं, थांबावं लागलं नसतं.

गाडीच्या कर्जावरून फायनान्स कंपनीने लवादाचा निवाडा मिळवला. सही केलेली प्रत पोस्टाने आली त्याला साडेचार महिने झाले. विलंब माफी मिळेल?
– एक वाचक, नेरूळ

नाही. लवाद कायद्यात निवाड्याला आव्हान द्यायला प्रत मिळाल्यापासून तीन महिने, सबळ कारण असेल तर वर तीस दिवस, "त्यानंतर नाही" असे शब्दच कलमात आहेत. वर ज्या कलम ५ बद्दल एवढं लिहिलं ते इथे लागू होत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये स्पष्ट केलंय. प्रत खरोखर तुम्हीच सही करून घेतलीत का, एवढं पोस्टाच्या पोचपावतीवर तपासा. घेतली असेल तर वकिलावर पैसे घालवू नका, कंपनीशी हप्ते बांधून घ्या.

निकाल आमच्या बाजूने लागला, पण हुकूमनाम्यात सर्व्हे नंबर ४७/२ ऐवजी ४२/७ पडला. तलाठी फेरफार घेत नाही. वर्ष झालं. अपिलाची मुदत गेली, आता?
– एक वाचक, कोलशेत

अपील कशाला? टंकलेखनाची चूक दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १५२ खाली त्याच कोर्टात दुरुस्त होते, कधीही. दाव्याच्या अर्जात आणि सातबाऱ्यावर ४७/२ आहे एवढं दाखवा. अर्ज एका पानाचा होतो. वकिलांनी पाच पानांचा केला तर फी विचारायच्या आधी चार पानांत काय आहे ते विचारा.